पहिल्याच दिवशी सगळं औषध बाहेर? प्रतिजैविकाची फिल्म बनवताना या चुका टाळा

जखमेवर बसवायच्या फिल्मने आठवडाभर थोडं थोडं प्रतिजैविक सोडत राहावं, म्हणून ते आधी हॅलॉयसाइट या मातीच्या खनिजाच्या सूक्ष्म नळ्यांत किंवा सच्छिद्र सिलिकाच्या कणांत भरायचं आणि मग कण पॉलिमरमध्ये मिसळायचे. १९०७ साली अलेंबिक ही औषध कंपनी उभी राहिली तेव्हापासून बडोद्याला औषधांचा व्यवसाय ओळखीचा आहे आणि फार्मसीकडे वळणारी मराठी मुलंही इथे आहेत. प्रोजेक्टला हा विषय घेतला की तक्रार बहुधा एकच असते: पहिल्या २४ तासांतच बहुतेक औषध सुटलं. दोष कणांवर जातो. मी आधी विचारेन, फिल्म ओतली तेव्हा औषध छिद्रात होतं का?

हॅलॉयसाइटची नळी आतून साधारण १५ नॅनोमीटर रुंद असते आणि तिच्यात हवा अडकलेली असते. नुसतं ढवळून ती नीट भरत नाही. औषधाच्या द्रावणात कण घालून व्हॅक्यूम लावा, बुडबुडे थांबले की सोडा, असं दोन-तीनदा करा. नंतर कण थोड्याच द्रावकात चटकन धुवा. धुतलं नाही तर बाहेर चिकटलेलं औषध पहिल्या तासात सुटतं, आणि फार वेळ धुतलं तर आतलंही निघून जातं. धुतलेलं पाणी फेकू नका, त्यातलं औषधही मोजा.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची. जेंटामायसिन सल्फेट हे पाण्यात विरघळणारं प्रतिजैविक भरलेले कण पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) किंवा कायटोसान या पॉलिमरच्या पाण्यातल्या द्रावणात टाकले, की फिल्म सुकेपर्यंत औषध पाण्यात उतरलेलं असतं. एवढी मेहनत करून शेवटी साधी औषध मिसळलेली फिल्म हाती येते. त्यापेक्षा डायक्लोरोमिथेन या सेंद्रिय द्रावकात विरघळवलेलं पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे पॉलिमर बरं, त्या द्रावकात जेंटामायसिन सल्फेट विरघळत नाही. शंका असेल तर पॉलिमर न घालता कण नुसत्या द्रावकात तेवढाच वेळ ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रावणात किती औषध आलं ते पाहा.

मोजतानाही जपा. जेंटामायसिन यूव्ही (अतिनील) प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रात सरळ दिसत नाही. ऑर्थोथॅलाल्डिहाइड या रसायनाशी अभिक्रिया करून मोजावं लागतं. व्हॅन्कोमायसिन हे दुसरं प्रतिजैविक मात्र २८० नॅनोमीटर तरंगलांबीला थेट वाचता येतं.

आता बडोद्याच्या हवेचं. डायक्लोरोमिथेन सुमारे ४० अंशांना उकळतं आणि मे महिन्यात इथलं तापमान त्याच्या वर जातं, त्यामुळे एसी नसलेल्या खोलीत फिल्मभर बुडबुडे धरतात. पावसाळ्यात उलटं होतं: द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि फिल्म दुधाळ, भोकाभोकांची होते. त्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि औषध घेऊन बाहेर येतं. फ्यूम हूडमध्येच ओता, पण डिशवर उलटं फनेल ठेवून द्रावक सावकाश उडू द्या, आणि खोली कोरडी ठेवा. फार सावकाशही नको, कण तळाशी बसतात आणि फिल्मच्या दोन बाजू वेगळ्या वागतात.

निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालची गरम वाफ, वापरू नका. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशांच्या आसपास वितळतं. गॅमा किरण किंवा इथिलीन ऑक्साइड वायू वापरा.

कधी औषध सुटण्याचा आलेख इतका संथ येतो की आनंद होतो. तेव्हा ज्यात फिल्म बुडवली ते बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) किती घेतलं ते तपासा. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक पीएच ७ च्या आसपास सगळ्यात कमी विरघळतं. थोड्या बफरमध्ये ते संपृक्त होऊन थांबतं आणि आपल्याला वाटतं फिल्म संथ आहे. संपृक्ततेला लागेल त्याच्या निदान तिप्पट बफर घ्या, आणि नमुना काढला तेवढं ताजं परत घाला.

शिवाय किती टक्के औषध सुटलं एवढ्यावर थांबू नका. रोज सुटणारं औषध एमआयसीच्या (जिवाणूंची वाढ थांबवणारं किमान प्रमाण) खाली गेलं, तर जिवाणू मरत नाहीत, उलट प्रतिकार शिकायची संधी त्यांना मिळते. म्हणून तीच फिल्म रोज जिवाणू पसरलेल्या नव्या म्युलर-हिंटन अगार प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमाची बशी) ठेवा आणि झोन, म्हणजे फिल्मभोवती जिवाणू न वाढलेली जागा, मोजा. ज्या दिवशी झोन उमटणार नाही, त्या दिवसापासून फिल्म निकामी धरा, आलेख अजून वर चढत असला तरी.