आरसी जीपची बॉडी खान्देशी काळी-पिवळी कशी करावी

दुकानातून रंगवून आलेली आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी खेळण्यातली जीप देखणी असते, पण ती कुठल्याच गावची नसते. चोपडा-यावल रस्त्यावरची काळी-पिवळी मात्र लांबूनच ओळखू येते. पिवळा टप, खाली काळी बॉडी, कॅरियरवर गोण्या आणि मागच्या दारावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. तशी जीप १/१० स्केलमध्ये घरी करता येते. महागडी हत्यारं लागत नाहीत, खरी गाडी नीट पाहिलेली असावी लागते. म्हणून पहिलं काम स्टँडवर. चालकदादांना विचारून जीपचे चारही बाजूंनी फोटो घ्या, गुडघ्यावर बसून खालूनही घ्या. पुढचं सगळं काम या फोटोंकडे बघत करायचं आहे.

कापणं

मी इथे पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, म्हणजे लेक्सानची बॉडी धरली आहे. ती आतून रंगवतात, त्यामुळे दगडाला घासली तरी प्लास्टिकवर ओरखडा येतो, रंग जात नाही. बाहेरून पातळ संरक्षक फिल्म असते, ती रंगकाम संपेपर्यंत काढू नका.

बॉडी रंगवायच्या आधीच चेसिसवर ठेवा. खालचे बॉडी पोस्ट, म्हणजे बॉडी जिच्यावर बसते त्या चेसिसच्या उभ्या खुंट्या, आरपार दिसतात, तिथे मार्करने ठिपके द्या. चाकांच्या कमानी आखताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि सस्पेन्शन हाताने दाबून पाहा, म्हणजे चाक कुठे घासेल ते आत्ताच कळतं. सरळ कडेवर कटरने हलकी रेघ मारून तुकडा मागे-पुढे वाकवला की तो रेघेवर सुटतो. कमानींसाठी वाकड्या पात्याची छोटी कात्री घ्या. ठिपक्यांवर भोक आधी लहान पाडायचं आणि रीमरने, म्हणजे भोक मोठं करायच्या निमुळत्या हत्याराने, वाढवत न्यायचं. कापलेले तुकडे जपून ठेवा, रंग आणि गोंद त्यांच्यावर तपासता येतात.

मग भांड्यांचा लिक्विड साबण आणि कोमट पाण्याने आतली बाजू धुऊन वाळवा. त्यानंतर आत बोट लागता कामा नये, कारण बोटाचं तेल राहिलं तिथे रंग धरत नाही. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसायचा मोह टाळा, त्याने लेक्सान धुरकट होतं आणि चिरतं.

रंग

हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे इथे चालत नाही. बॉडी धडकेत वाकते आणि त्या रंगाचे पापुद्रे सुटतात. लेक्सानसाठीचाच लवचिक रंग हवा, उदाहरणार्थ तामियाची पीएस मालिका.

आतून रंगवताना क्रम उलटा होतो. जो रंग आधी माराल तो बाहेरून वर दिसतो, म्हणून गडद आधी आणि फिका नंतर. आतून खिडक्यांवर आणि टपावर मास्किंग टेप लावा, कडा नखाने दाबून बसवा. आधी काळा. पहिला हात अगदी विरळ मारायचा, त्याने टेपची कड बंद होते आणि रंग खाली शिरत नाही. २५-३० सेंटिमीटरवरून तीन-चार पातळ हात, प्रत्येकामध्ये दहा-पंधरा मिनिटं. काळा पूर्ण वाळला की टपाची टेप काढा आणि पिवळा मारा. पिवळा रंग विरळ असतो, त्याच्यामागे थेट काळा आला तर तो शेवाळी दिसतो. म्हणून पिवळ्यामागे पांढरा द्यावाच, टपाचा खरा उजाळा त्या पांढऱ्यामुळे येतो.

आपल्या हवेचं भान ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा रंगाचा तुषार बॉडीवर पोचण्याआधीच सुकतो आणि खरखरीत थर बसतो. शिवाय स्प्रेचा डबा तापवणं धोक्याचंच. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची, ऊन नुकतं चढलेली सकाळ सगळ्यात चांगली. गच्चीवर वारा नसेल तेव्हा, तोंडाला मास्क बांधून.

बारकावे

कॅरियरसाठी सायकलचे स्पोक वापरा. साधा स्पोक २ मिलिमीटर जाड असतो, १/१० मध्ये तो २० मिलिमीटरच्या पाइपाइतका दिसतो. सांधे बारीक तांब्याच्या तारेने आवळून वर अ‍ॅरल्डाइट लावा. बॉडीजवळ फेविक्विक नको, त्याच्या वाफेने पारदर्शक काचांवर पांढरा धूर धरतो. गोण्या जुन्या तागाच्या कापडाच्या शिवा आणि आत थर्माकोल भरा. टपावर वजन वाढलं तर चढावर गाडी उलटते.

नंबर प्लेटचं माप चुकलं की सगळा भास मोडतो. खरी प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर असते, म्हणजे तुमची ५० बाय १२. प्रवासी गाडी असल्याने पिवळ्यावर काळी अक्षरं. जळगाव असेल तर एमएच १९, धुळं १८, नंदुरबार ३९. मागच्या काचेवर ‘आई एकवीरा’ किंवा अहिराणीत ‘कानबाई मायनी किरपा’ बारीक ब्रशने लिहा. छापलेल्या स्टिकरपेक्षा हाताने काढलेलं अक्षर इथे शोभतं, थोडं कलतं असलं तरी. बंपरला लिंबू-मिरची हवीच. हिरव्या भरतकामाच्या दोऱ्याच्या सात मिरच्या आणि एक पिवळा मणी, झालं.

धूळ

इथे घाई करू नका, सगळी जान यातच आहे.

फिल्म काढा. खिडक्या सोडून जिथे धूळ दाखवायची तो भाग कोऱ्या हिरव्या घासणीने हलका घासा, नाहीतर गुळगुळीत लेक्सानवर काहीच टिकत नाही. शेतातली काळी माती वाळवून कुटा आणि मलमलीतून चाळा. ओली असताना काळीभोर दिसणारी ही माती वाळली की राखाडी-तपकिरी होते, आणि गाडीवर तोच रंग लागतो. मऊ ब्रशने लावा, मग पाण्यातल्या मॅट वार्निशचा अगदी हलका फवारा द्या. वार्निशने धूळ निम्मी दिसेनाशी होते, म्हणून आधी जरा जास्तच लावायची.

आता फोटो काढून बघा. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि उडालेली धूळ तिथे ओढली जाते, म्हणून मागचं दार सगळ्यात मळलेलं असतं. त्यानंतर चाकांच्या कमानींच्या मागची बाजू आणि दारांचा खालचा पट्टा. दाराच्या हँडलभोवती मात्र हात लागून काळा रंग चमकत राहतो, ती जागा कोरडी पुसून घ्या. पुढच्या काचेवर वायपरच्या पंख्याच्या आकाराची टेप कापून चिकटवा, वर धूळ लावा आणि टेप उचला. एवढ्याने जीप चालत असल्यासारखी वाटते. मागच्या पायदानाच्या कडेला स्पंजच्या टोकाने चंदेरी रंग टिपा, कारण तिथे लोक उभे राहतात. गंज दाखवायचाच तर कॅरियरच्या सांध्यांवर, नखभर.

दिव्यांना उबदार पांढरे एलईडी घ्या, निळसर पांढरे जुन्या जीपला शोभत नाहीत. ६ व्होल्टवर प्रत्येकाला १५० ओहमचा रेझिस्टर पुरतो. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातला पारदर्शक फुगवटा कापला की दिव्याची काच तयार.

शेवटी आतून, कमानींच्या आणि बंपरच्या कोपऱ्यांत, भिंतीच्या भेगांवर लावतात ती जाळीची पट्टी सुकल्यावर लवचिक राहणाऱ्या गोंदाने बसवा. आधी कापलेल्या तुकड्यावर गोंद लावून एक रात्र ठेवून पाहा. गाडी फिरवून आणल्यावर बॉडी नळाखाली धरू नका, काचा तेवढ्या ओल्या बोळ्याने पुसा. तापीकाठच्या वाळूत चालवली असेल तर बॉडी काढून आधी चेसिसचे बेअरिंग साफ करा.