घरच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग जुन्या लॅपटॉपवर कसं करावं

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरातला तंबोरा त्याच सतारमेकर गल्लीतला. आत्या रोज पहाटे त्यावर अभंग गाते, पण इतक्या वर्षांत तिचं धड एक रेकॉर्डिंग नव्हतं. होतं ते मोबाइलवरचं, पंख्याच्या घरघरीसकट. शेवटी भाच्याचा बाजूला पडलेला लॅपटॉप मागून घेतला आणि त्यावर काम उभं केलं. सॉफ्टवेअरला एक रुपया लागला नाही. माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात पोचवणारी डबी) एवढाच खर्च.

लॅपटॉपवर ठेवण्यासारखं जे काही असेल ते आधी दुसरीकडं कॉपी करून घ्या. मग उबंटू स्टुडिओ उतरवून घ्या. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली, आणि ध्वनी आणि चित्राचं काम करणाऱ्यांसाठी जुळवलेली ही तिची आवृत्ती २००७ पासून निघते. १६ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन बलेना एचर या प्रोग्रामनं त्यावर ती लिहा आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा. काहीही न बसवता नुसतं चालवून बघायची सोय त्यात असते. तिथंच माइक ओळखला जातो का, वायफाय लागतं का, हे तपासा आणि मगच इन्स्टॉल करा. ४ जीबी रॅमवर काम निभतं, ८ असेल तर निवांत होतं. आधीपासून साधं उबंटू किंवा मिंट (याही लिनक्सच्याच आवृत्त्या) असेल तर ही खटपटही नको. सॉफ्टवेअरच्या यादीतून रेकॉर्डिंगसाठी आर्डर आणि नंतर आवाज साफ करायला ऑडॅसिटी हे दोन प्रोग्राम घेतले की झालं.

हे प्रोग्राम फुकट आहेत म्हणून मी ते सुचवत नाही. ते मुक्त आहेत, म्हणजे त्यांचा सोर्स कोड कुणालाही वाचता, बदलता, वाटता येतो. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेल्या आर्डरची तयार प्रत त्यांच्या संकेतस्थळावर पैसे देऊन मिळते, तर लिनक्सच्या वर सांगितलेल्या यादीतून तीच विनामूल्य घेता येते. दोन्ही रीतसर आहे. ज्यांना जमेल त्यांनी पैसे जरूर द्यावेत.

इंटरफेस घेताना दुकानदाराला एकच विचारा: हा यूएसबी क्लास कम्प्लायंट आहे का? असेल तर लिनक्सवर ड्रायव्हर शोधावा लागत नाही. कंडेन्सर माइक घेतलात तर इंटरफेसवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे तारेतूनच माइकला वीज देण्याची सोय, हवी. डायनॅमिक माइकला ती लागत नाही.

आता खोली. खरं सांगायचं तर निम्मं काम इथंच होतं. फरशी आणि मोकळ्या भिंतींची खोली आवाज परत फेकते. आम्ही आत्याच्या मागं दोरीवर दोन गोधड्या टाकल्या, खाली घोंगडं अंथरलं, तेवढ्यानं घुमणं बरंच उतरलं. पंखा बंद, फ्रिज बंद, चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर, कारण चार्जरमुळं कधीकधी बारीक गुणगुण शिरते. मिरज जंक्शनचं गाव. गाडीचा भोंगा टाळता येत नाही, म्हणून तो ऐकू आला की थांबायचं आणि कडवं पुन्हा घ्यायचं, असं आधीच ठरवून टाकलं.

तंबोऱ्याचा माइक घोडीपासून (भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्यापासून) साधारण फूटभर, तारांच्या समोर न धरता किंचित तिरका. गाणाऱ्याचा माइक तोंडापासून दीड वीत. आर्डरमध्ये दोन ट्रॅक उघडा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा. बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) कमी करा असा सल्ला सगळीकडं मिळतो, पण गळा आणि तंबोरा एकत्रच रेकॉर्ड होत असतील तर त्याची गरज नाही. २५६ फ्रेमच्या बफरमुळं सुमारे ५ मिलिसेकंद उशीर होतो, १०२४ मुळं २१. हेडफोनमधून स्वतःचा आवाज संगणकातून परत ऐकत गायचं असेल तेव्हाच हा फरक जाचतो. जुन्या यंत्रावर १०२४ च ठेवा, नाहीतर मधेच टकटक आवाज येतात.

आवाजाची पातळी ठरवताना गाणाऱ्याला अभंगातली सगळ्यात वरची जागा पूर्ण जोरात घ्यायला सांगा आणि तेव्हा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बटण लावा. काटा लाल झाला की तो आवाज फाटला, नंतर तो शिवता येत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर दहा सेकंद कुणी हलायचं नाही. तंबोऱ्याला हातसुद्धा लावायचा नाही. ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शनला खोलीच्या आवाजाचा नमुना द्यावा लागतो, आणि नमुन्यात जे सापडेल ते तो पुढं सगळीकडं दाबतो. पहिल्या वेळी मी हा नमुना अभंगाआधीच्या ज्या तुकड्यातून घेतला, त्यात तंबोरा वाजत होता. एकसारखा, अखंड सूर. प्रोग्रामला तो पंख्यासारखाच वाटला. ऐकायला बसलो तर जवारीची, म्हणजे घोडीवर घासून तारेला येणारी, सगळी झणझण गेलेली, आणि आत्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा. ती काही बोलली नाही, पण तंबोऱ्याकडं बघत राहिली. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून वाचलो. दहा सेकंदांच्या शांततेतून नमुना घ्या, प्रमाण ६ ते ८ डेसिबलच ठेवा. थोडी खरखर राहिली तरी चालेल, जवारी जाता कामा नये.

लॅपटॉप देताना भाच्याची अट होती: गेम हवेत. तेही मुक्त मिळतात. सुपरटक्सकार्ट ही गाड्यांची शर्यत घरात सगळ्यांनाच आवडली. बॅटल फॉर वेसनॉथ षटकोनी घरांच्या पटावर डाव-डावानं खेळायचा, जुन्या यंत्रावरही सुरळीत चालतो, मला स्वतःला तोच जास्त भावतो. झिरो ए.डी. मध्ये मौर्यांचं सैन्य हत्तींसकट घेता येतं, पण फौजा वाढल्या की जुना लॅपटॉप धापा टाकतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र हे सगळं बंद.

शेवटी फाइल फ्लॅकमध्ये साठवा. त्यात आवाजाची काहीच घट होत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायला वेगळी एमपी३ काढा. मूळ रेकॉर्डिंग एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जागा घेतं, त्यामुळं दोन ट्रॅकच्या अर्ध्या तासाला ५०० एमबी धरून चाला. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीत घराघरांतल्या वस्तू पाण्यात गेल्या, ते आपण पाहिलंय. फाइलच्या नावात तारीख, अभंगाची पहिली ओळ आणि सूर लिहा, आमच्याकडं तो काळी चार. पुढच्या वर्षी त्याच सुरात तंबोरा लावून राहिलेले अभंग घ्यायचे आहेत.