साखरपुड्याची अंगठी दोघांनी मिळून कशी निवडावी

आपल्याकडे साखरपुड्याला दोन अंगठ्या लागतात. तिची मुलाकडचे करतात, त्याची मुलीकडचे. त्यामुळे बऱ्याचदा मोठी माणसंच निवड करून मोकळी होतात आणि ज्यांना ती पुढची तीस-चाळीस वर्षं बोटात वागवायची, त्यांनाच विचारायचं राहून जातं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की सराफाकडे जायच्या आधी दोघांनी एक संध्याकाळ यासाठी काढा.

आधी हात बघा

त्या संध्याकाळी एकमेकांना विचारा, हा हात दिवसभर काय करतो? कणीक मळतो, दवाखान्यात सारखे हातमोजे चढवतो-उतरवतो, की की-बोर्डवर असतो? उंच नख्यांत धरलेला खडा फोटोत सुंदर दिसतो, पण तोच हातमोजा फाडतो आणि पैठणीची जर ओढतो. रोज घालायची असेल तर खडा पट्टीत खोल बसवलेला घ्या, नाहीतर सरळ सोन्याची वेढणी, म्हणजे बिनखड्याची साधी अंगठी, करा. मला स्वतःला वेढणीच आवडते. तिच्यात खडा पडायची भीतीच नाही. यंत्रावर किंवा विजेचं काम करणाऱ्यांनी मात्र कामावर जाताना कोणतीही अंगठी काढूनच ठेवावी.

मग पैशाचं बोला आणि ठरलेला आकडा दोन्ही घरी आधीच सांगा. एकाच नमुन्याची अंगठी त्याच्या मोठ्या बोटाला जास्त सोनं खाते. हे आधी कुणी बोललं नाही, तर "त्यांची जड, आमची हलकी" असे रुसवे ऐन वेळी निघतात.

माप दोनदा घ्या

उन्हाळ्यात आणि संध्याकाळी बोट फुगलेलं असतं, थंडीच्या सकाळी आकसतं. माझं माप मे महिन्यातल्या एका दुपारी घेतलं होतं. डिसेंबरात भांडी घासताना अंगठी निसटली आणि मोरीच्या जाळीत सापडली, म्हणून वाचली. वेगवेगळ्या वेळी दोनदा माप द्या. अंगठी पेरावरून उतरताना जरा अडली पाहिजे. पट्टी रुंद असेल तर त्याच मापाची अंगठी घट्ट बसते, हेही लक्षात ठेवा. चहूबाजूंनी खडे असलेली अंगठी नंतर मोठी-लहान करणं फार अवघड असतं.

सोनं आणि शिक्का

साध्या अंगठीला 22 कॅरेट चालतं. हिरा बसवायचा असेल तर 18 कॅरेट घ्या, कारण 22 कॅरेट मऊ असतं आणि खड्यावरची पकड सैल होऊ शकते. आतल्या बाजूला भिंग लावून बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (22 कॅरेटला 916, 18 ला 750) आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा आकडे-अक्षरांचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकून दुकानातच पडताळा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कच्या, म्हणजे या शिक्क्याच्या, सक्तीतून सूट आहे, त्यामुळे अगदी नाजूक अंगठीवर शिक्का नसू शकतो. मी तरी थोडी जड आणि शिक्क्याची घेईन. आत नावं कोरायची असतील तर शिक्क्याला धक्का लागू देऊ नका.

हिरा घ्यायचा तर

हॉलमार्क सोन्याची खात्री देतो, हिऱ्याची नाही. हिऱ्याला जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचं वेगळं प्रमाणपत्र मागा. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा खराच हिरा असतो आणि बराच स्वस्त पडतो, पण पुन्हा विकताना फारसं काही हाती येत नाही. दुकानदाराला तो नैसर्गिक की प्रयोगशाळेतला हे स्पष्ट विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

हिशेब आणि बिल

इथे घाई करू नका. सोन्याचा दर निव्वळ वजनावरच लागला पाहिजे. समजा अंगठी 4.200 ग्रॅम भरली आणि तिच्यात 0.30 कॅरेटचा हिरा आहे. हिऱ्याचं कॅरेट हे वजनाचं माप आहे, शुद्धतेचं नाही; एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, म्हणजे हिरा 0.060 ग्रॅमचा, सोनं 4.140 ग्रॅम. मग घडणावळ. ती 12 टक्के असेल, तर चार ग्रॅमच्या अंगठीवर जवळजवळ अर्ध्या ग्रॅमचे पैसे घडणावळीतच जातात. हा आकडा कमी करून मागता येतो, आणि दोन अंगठ्या एकाच दुकानातून घेताना तर मागावाच. वर 3 टक्के जीएसटी येतो.

आजीच्या पाटल्यांची मोड द्यायची असेल, तर वजन आणि शुद्धता दोन्ही तुमच्यासमोर तपासून घ्या आणि मोडीतून किती टक्के कापणार ते सोनं हातातून सोडण्याआधीच विचारा.

ऑर्डर समारंभाच्या निदान तीन आठवडे आधी द्या, म्हणजे माप चुकलं तरी दुरुस्तीला वेळ राहील. अंगठ्या घ्यायला मात्र दोघंही जा. काउंटरवरच बोटात घालून बघा, वजन करून घ्या, बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहिलंय ना ते वाचा, आणि मगच डबी बंद करा.