रडण्याआधीचा फोटो: घरच्या घरी नाट्यमय सेल्फ-पोर्ट्रेट

स्वतःचा भावुक फोटो काढताना बहुतेक जण चेहऱ्यावरच सगळं दाखवायला जातात. भुवया आक्रसलेल्या, ओठ थरथरते, गालांवर धार. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हे लागतं, पण कॅमेरा सहा फुटांवर असतो. त्याला हवा असतो आवंढा गिळतानाचा क्षण, रडू फुटायच्या जरा आधीचा. १८४० मध्ये फोटो काढायची स्वतःची पद्धत शोधलेल्या इपोलित बायार या फ्रेंच माणसाने, सरकारने डागेर या दुसऱ्या संशोधकाला मान दिला आणि आपल्याला डावललं या रागातून, स्वतःला बुडून मेलेला दाखवणारा फोटो काढला. त्यात आकांत नाही. मिटलेले डोळे आणि उघडं अंग, बस्स.

आधी प्रसंग ठरवा, तोही एका वाक्यात. ‘मी दुःखी आहे’ हा प्रसंग नव्हे. ‘इमारत पुनर्विकासाला गेली, आज खोलीची किल्ली द्यायची आहे’ हा प्रसंग. गिरगाव-लालबागच्या जुन्या खोलीत त्याचं सामान आयतंच असतं: वळकटी, रिकामा खिळा, तसबीर काढल्यावर भिंतीवर राहिलेली फिकट चौकट. फ्रेममध्ये दोनच वस्तू ठेवा, बाकी सगळं बाहेर काढा.

उजेडाला सर्वात जास्त वेळ द्या. ट्यूबलाइट बंद करा. खिडकीच्या उजेडात तिचा रंग मिसळला की कातडी आजारी दिसते. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, ती एका बाजूला येईल असे बसा आणि मान हळूहळू फिरवा. अंधारातल्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला की थांबा. सावली फिकी वाटली तर त्या बाजूला, अंगापासून दोनेक फुटांवर काळी चादर टांगा. शूटिंगवाले याला कटर म्हणतात. कापड सुती घ्या, सॅटिन चमकतं. सावली फारच गडद झाली तर चादरीऐवजी थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवा. ग्रिलची सावली तोंडावर पडत असेल तर काचेवर बटर पेपर चिकटवा.

पावसाळ्यातला ढगाळ उजेड उत्तम, पण समोरच्या इमारतीवर निळी ताडपत्री असेल तर तो निळा रंग थेट गालावर येतो. पांढरा कागद तोंडाजवळ धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यातली रंगांची जुळणी) लावा, किंवा सरळ कृष्णधवल करा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, डोळ्यांच्या किंचित खाली. स्वतःवर फोकस कसा करायचा ही खरी अडचण. बसायच्या जागी उभा झाडू किंवा स्टूलवर पिशवी ठेवा, त्यावर फोकस करा, मग लेन्स मॅन्युअलवर टाका आणि जमिनीवर मास्किंग टेपची खूण करा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सचं छिद्र एफ/१.८ पर्यंत मोठं उघडलं तर साडेसहा फुटांवर जेमतेम १७ सेंमी खोली स्पष्ट येते. जरा पुढे झुकलात की डोळे फोकसबाहेर गेले. एफ/४ ठेवा (छिद्र लहान, स्पष्ट खोली जास्त), शटर १/१०० सेकंद, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ८०० ते १६००. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, उजळ गालावर मोजा, सावली काळी राहू द्या. फोनवर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. दहा सेकंदांच्या टायमरने भाव टिकत नाही, तोवर माणूस मोजत बसतो. इंटरव्हल टायमर असेल तर दर तीन सेकंदांना एक अशी साठ फ्रेम लावा आणि कॅमेऱ्याला विसरा. एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम दमट खोलीत आणलात तर लेन्सवर बाष्प धरतं. अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

आता हात. लॅचची किल्ली मुठीत एक मिनिट घट्ट आवळा. मूठ उघडली की तळहातावर दात्यांचा लाल वळ दिसतो. तो वळ पाहत असतानाच श्वास सोडा, आवंढा गिळा आणि ओठ मिटूनच ठेवा. या अर्ध्या मिनिटात सहसा एक फ्रेम लागते. कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही.

अश्रू हवाच असेल तर केमिस्टकडचं ग्लिसरीन, एकच थेंब, इअरबडने खालच्या पापणीच्या अर्धा इंच खाली. डोळ्यात अजिबात जाऊ देऊ नका. मुंबईच्या दमटपणात वरच्या ओठावर घामही चमकतो आणि तो अश्रूला खोटं पाडतो. दर दहा फ्रेमनंतर टिश्यूने टिपा, पुसू नका. पंखा मध्ये मध्ये लावा, पण फ्रेम घेताना बंद, नाहीतर केस विस्कटून प्रत्येक फोटोत वेगळे दिसतात.

निवड दुसऱ्या दिवशी करा. आपल्याला स्वतःचा चेहरा आरशातल्यासारखा, डावा-उजवा उलटा बघायची सवय असते, म्हणून चांगली फ्रेमही परकी वाटून बाद होते. फोटो आडवा उलटवून एकदा पाहा, मग ठरवा.