कार्बोरेटरवाली मारुती 800 सुरू होत नसेल तर पार्ट बदलायच्या आधी हे बघा

आमच्याकडे 97 ची मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), बाबांनी घेतलेली आणि अजून रोज बाहेर निघते. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं, हात सगळीकडे जातो, त्यामुळे थोडं शिकलात तर निम्मी कामं घरच्या घरी होतात. 2014 ला गाडी बनायची बंद झाली तरी पार्ट अजून मिळतात, आणि मिळतात म्हणूनच लोक फॉल्ट न शोधता पार्ट बदलत सुटतात, पैसे जातात आणि गाडी तिथेच.

सकाळी चावी फिरवली आणि नुसतं टक् झालं तर लगेच बॅटरी गेली असं समजू नका. आमच्या गाडीला एका गॅरेजवाल्याने नवीन बॅटरी बसवली, आठ दिवसांत परत टक्. शेवटी सापडलं काय तर बॅटरीच्या मायनसची जी वायर बॉडीला आणि इंजिनला जाते तिच्या नटाखाली गंज होता, अर्थिंगच (करंट बॅटरीकडे परत जायचा रस्ता) नीट मिळत नव्हतं. हे घरी तपासता येतं. गाडी न्यूट्रलला, हॅन्डब्रेक ओढलेला, मग जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं आणि सेल्फ (चावीने इंजिन फिरवणारी मोटर) मारायचा, आता झटक्यात फिरला तर दोष अर्थिंगचा. नट काढून जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची आणि परत घट्ट आवळायची. खर्च जवळपास शून्य.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर 10 नंबरचा पाना घ्या, आधी मायनस काढा मग प्लस, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओता, भुकटी फसफसून निघून जाते, पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका. कोरडं पुसून आधी प्लस मग मायनस लावायचं आणि वरून व्हॅसलिन. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला पाहिजेत. चालू असताना पण 12 च्या आसपासच असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, किंवा फॅनबेल्ट ढिला आहे, बेल्ट आधी बघा.

सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी उचलत नाही, आणि तेही पावसाळ्यात, तर माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागावर. ताम्हिणीत एकदा धुक्यात तासभर गाडी उभी राहिली आणि नंतर काही केल्या चालूच होईना, त्याचं टोपण उघडलं तर आत बारीक बारीक दव जमलेलं, अगदी थंड ग्लासवर जमतं तसं. रुमालाने पुसलं, दहा मिनिटं उघडं ठेवलं, पहिल्या सेल्फला गाडी चालू. टोपणावर केसासारखी काळी रेघ दिसली तर ती चीर आहे, तिथून करंट पळतो, ते मात्र बदलाच. प्लगच्या वायरी एका वेळी एकच काढा म्हणजे उलटसुलट लागणार नाहीत. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची खुंटी) ओढून आणि अॅक्सिलरेटरवर पाय मारमारून इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय, चोक पूर्ण आत ढकला, अॅक्सिलरेटर तळाला दाबून तसाच धरून ठेवा (पंप करायचा नाही) आणि सेल्फ मारा.

आता गरम होणं, इथे हयगय नको प्लीज. खंबाटकीसारख्या घाटात तापमानाचा काटा वर चढायला लागला की एसी असेल तर बंद, हीटर फुल, काचा खाली, आणि उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी पण ओतू नका, हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) क्रॅक जाऊ शकतो. घरी आल्यावर बघा की गाडी उभी राहून तापली तर रेडिएटरचा पंखा लागतो का, नाही लागला तर फ्यूज, मग पंख्याला थेट बॅटरीवरून करंट देऊन बघा, फिरला तर मोटर चांगली आहे, स्विच किंवा वायरिंग गेलंय. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीच नको, आपल्याकडच्या पाण्याने आत क्षार बसतात आणि नळ्या तुंबतात, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच टाका.

डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आठवड्यातून एकदा बघा, इंजिन थंड असताना. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, गाडी चालवू नका, टोचन करून न्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बऱ्याचदा चोकच अडकलेला असतो.

रबराचं वय वर्षांत पण मोजायचं, गाडी कमी चालली तरी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, स्टेपनीवर पण बघा, तिचे सगळ्यात जुने निघतात. पावसाळ्यात पायाखालचं मॅटिंग उचलून हात लावून बघा, ओल असेल तर मॅटिंग बाहेर वाळवा आणि दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा, पत्रा एकदा सडला की वेल्डिंगचा खर्च इंजिनपेक्षा जड जातो.