डेकवर जायच्या आधी ही क्रियापदं पक्की करा

दापोली-गुहागरकडची मुलं जीपी रेटिंगच्या, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या कोर्सला निघाली की एकदा माझ्या घरी येऊन जातात, आणि पहिला प्रश्न इंग्रजीचाच असतो. दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत ४० टक्के मिळाले की प्रवेशापुरती अट पुरी होते, पण पोटातली धाकधूक काही जात नाही. मग कोणी व्याकरणाचं पुस्तक उघडतो, कोणी रत्नागिरीला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावतो. मी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम आहे, मास्तर नाही. मी एवढंच सांगतो की काळ-बिळ नंतर बघा, आधी धरण्याची क्रियापदं शिका आणि मग समजल्याची.

जहाज धक्क्याला लागतं तेव्हा आपण पुढे फोरकॅसलवर किंवा मागे पूपवर उभे असतो आणि हुकूम ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, वॉकीटॉकीवर येतात. ‘हीव्ह’ म्हणजे विंचवर दोर आत घ्या, ‘स्लॅक अवे’ म्हणजे ढिला सोडा. हे दोन दिवसात बसतं. घोळ होतो तो मधल्या शब्दांत. ‘होल्ड ऑन’ फोनवर ऐकलं तर जरा थांबा. मुरिंगच्या, म्हणजे जहाज दोरांनी बांधायच्या वेळी तेच ऐकलं तर दोर आहे तिथे धरा, आत नको आणि बाहेरही नको. ‘चेक’ त्याहून फसवा. शाळेत चेक म्हणजे तपासणं, म्हणून नवा पोरगा दोराकडे निरखून बघत उभा राहतो. ‘चेक द स्प्रिंग’ म्हणजे ताण ठेवूनच स्प्रिंग (जहाज पुढे-मागे सरकू नये म्हणून बांधलेला दोर) थोडी थोडी सरकू द्या. त्याने जहाजाची चाल मरते आणि दोरही तुटत नाही. ‘मेक फास्ट’मध्ये घाई कसलीच नाही. बिट्सवर, म्हणजे डेकवरच्या जोडखुंटांवर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्या आणि दोर पक्का करा. इथला ‘फास्ट’ घट्ट या जुन्या अर्थाचा आहे, वेगाचा नाही.

मिरकरवाड्याच्या जेटीवर तांडेलाचं काम ‘धर’, ‘आवळ’, ‘सोड’ एवढ्यात भागतं, कारण त्याला खलाशी दिसतो आणि खलाशाला तो. मोठ्या जहाजावर कॅप्टन दीडदोनशे मीटर लांब असतो. दोर त्याला दिसत नाही, त्यावर किती ताण आहे हे तुम्हीच सांगायचं असतं. म्हणून किती धरायचं याचे वेगवेगळे शब्द लागतात. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, त्याच्या रेषेत उभं राहू नका. हे कोर्समध्येही सांगतात, तरी परत सांगतो.

बाकीचे शब्द काम करता करता येतात. पाणबंद दाराच्या खिट्ट्यांना ‘डॉग’ म्हणतात आणि त्या आवळण्यालाही ‘डॉग’च, कुत्र्याला शोधू नका. लाइफबोट जागच्या जागी आवळून ठेवणाऱ्या पट्ट्या म्हणजे ‘ग्राइप्स’. बोट खाली सोडायच्या आधी त्या मोकळ्या करायच्या. यंत्राचा भाग ‘सीझ’ झाला म्हणजे जाम झाला, पण दोन दोर एकमेकांना बारीक दोरीने बांधणं हेही ‘सीझिंग’च.

नांगराच्या बाबतीत मात्र आपल्या मुलांना काही शिकवावं लागत नाही. ‘गुड होल्डिंग ग्राउंड’ म्हणजे नांगर धरणारा तळ. चिखलात नांगर रुततो आणि कातळावर घसरतो, हे हर्णैच्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त दोन शब्द जोडून घ्या. नांगर धरून जहाज स्थिर झालं की ‘ब्रॉट अप’, नांगर ओढला जायला लागला की ‘ड्रॅगिंग’. रात्रीच्या पहाऱ्यात दुसरा शब्द वेळेवर तोंडातून निघाला पाहिजे, उच्चार कसाही असो.

आता समजल्याचे शब्द. आपल्याकडे मोठ्या माणसाने काही सांगितलं की ‘हो हो’ म्हणायची सवय असते. तीच पुढे ‘येस सर, येस सर’ होते. जहाजावर त्या ‘येस’ला किंमत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये जहाजावर बोलायची ठरावीक वाक्यं मंजूर केली, त्यांना एसएमसीपी म्हणतात. उत्तर होकारार्थी असेल तर ‘येस’ म्हणून पुढे पूर्ण वाक्य बोलायचं, असं त्यात आहे. सुकाणूवर उभा असलेला माणूस प्रत्येक हुकूम मोठ्याने परत म्हणतो आणि अधिकारी तो नीट पाळला का ते बघतो. पुढचा हुकूम येईपर्यंत आधीचा धरून ठेवायचा. ‘स्टेडी’ म्हणजे जहाजाचं वळणं लवकरात लवकर थांबवा. ‘स्टेडी अॅज शी गोज’ म्हणजे हुकूम आला त्या क्षणी होकायंत्रावर जी दिशा होती तीच धरा. फरक कळला की नाही हे तुमच्या मानेवरून कोणी ओळखणार नाही.

नाही समजलं तर काय म्हणायचं, हेही शिका. ‘आय डिड नॉट कॅच दॅट’ म्हणजे नीट ऐकू आलं नाही. ‘आय डोंट फॉलो’ म्हणजे ऐकलं, पण सांगण्याचा रोख लक्षात आला नाही. ‘आय डोंट गेट इट’ मेसमध्ये ठीक, चीफ ऑफिसरसमोर जरा उद्धट वाटतं. वॉकीटॉकीवर मात्र यातलं काहीच नको, सरळ ‘से अगेन’. ‘रॉजर’ म्हणजे निरोप मिळाला इतकंच. काम करतो असा त्याचा अर्थ होत नाही, सिनेमात काहीही दाखवोत.

मुलाखतीसाठी काहीजण ‘कॉम्प्रिहेंड’ आणि ‘ग्रास्प’ घोकून येतात. इंग्रजीत समजण्याचे बरेच शब्द मुळात पकडण्याचेच आहेत, त्यामुळे लक्षात राहायला सोपे. ‘ग्रास्प’ दोर पकडण्यालाही चालतो आणि मुद्दा पकडण्यालाही. ‘अॅप्रिहेंड’ मात्र तोंडात आणू नका, चाच्यांच्या बातम्यांत तो अटकेसाठी येतो. मला स्वतःला आवडतो ‘फॅदम’. पसरलेल्या दोन हातांचं माप, म्हणजे आपली वाव, सहा फूट. पूर्वी नकाशांवर खोली त्यातच लिहायचे. क्रियापद झालं की एखाद्या गोष्टीचा थांग लागणं. बोलण्यात क्वचितच येतो, पण आपल्या घरातला वाटतो. मुलाखतीत साधं ‘अंडरस्टँड’ पुरतं.

सराव दोघांनी करा. एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने पूर्ण वाक्य परत म्हणून मग हात चालवायचा. दोर कुठलाही चालेल, घरामागच्या माडाला बांधलात तरी हरकत नाही. आकडे वेगळे घोका. दिशा सांगताना एकेक अंक सुटा म्हणतात, १५० असेल तर ‘वन फाइव्ह झीरो’. सुकाणूचा कोन मात्र सरळ ‘फिफ्टीन’, ‘ट्वेंटी’. आणि हुकूम देणाऱ्याने मुद्दाम अस्पष्ट, तोंडातल्या तोंडात बोलावं. फिलिपिनो, युक्रेनियन आणि केरळी माणसांचं इंग्रजी एकाच दिवसात कानावर पडणार आहे.