बॅकअप सर्व्हर सांभाळताय? या चुका टाळा

बॅकअपचा जॉब चार मिनिटांत संपत होता. याच फाइल सर्व्हरच्या फुल बॅकअपला आधी सव्वापाच तास लागायचे. तीन आठवडे रोज सकाळी कन्सोलवर हिरवी टिक दिसत होती आणि ती बघून आम्ही पुढच्या कामाला लागत होतो. मग लेखा विभागातल्या एका मॅडमनी चुकून डिलीट झालेली एक्सेल फाइल मागितली आणि रिस्टोअरची खिडकी उघडल्यावर आमचे चेहरे उतरले. मधल्या काळात कुणीतरी सगळा डेटा नव्या ड्राइव्हवर हलवला होता. जॉबमध्ये मात्र जुनाच पाथ होता आणि तिथे उरले होते काही रिकामे फोल्डर. सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम इमानेइतबारे केलं, रोज रात्री त्या रिकाम्या फोल्डरांचा बॅकअप घेतला आणि ‘सक्सेस’ लिहिलं.

तेव्हापासून मी रिपोर्टमधला रंग शेवटी बघतो. आधी तीन आकडे बघतो: किती डेटा गेला, किती फाइल गेल्या, किती वेळ लागला. मागच्या त्याच प्रकारच्या जॉबपेक्षा आकडा निम्म्यावर आला किंवा दुप्पट झाला, तर टिक हिरवी असली तरी लॉग उघडायचा.

‘अंशतः यशस्वी’ हा शेराही असाच अंगवळणी पडतो. नेटबॅकअप या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये स्टेटस ० म्हणजे काम पूर्ण आणि १ म्हणजे काही फाइल सुटल्या. बऱ्याच ठिकाणी १ दिसला की ‘ते नेहमीचंच आहे’ म्हणून पुढे जातात. पण सुटतात कोणत्या फाइल? ज्या कायम उघड्या असतात त्या, म्हणजे डेटाबेसच्या किंवा दिवसभर कुणीतरी वापरत असलेल्या. नेमक्या त्याच उद्या मागितल्या जाणार असतात. सुटणारी फाइल खरंच नको असेल तर ती रीतसर एक्स्क्लूड करा, म्हणजे १ दिसला की त्याला काहीतरी अर्थ राहील.

व्हर्च्युअल मशीनची नावं जॉबमध्ये एकेक करून घालणं ही त्याच घराण्यातली चूक. नवी मशीन तयार करणारा वेगळा, बॅकअप बघणारा वेगळा आणि मधला निरोप हमखास राहतो. निवड फोल्डरवर, क्लस्टरवर किंवा टॅगवर करा आणि जे नको ते वगळा. नको असलेलं चुकून घेतलं तर थोडी जागा जाते. हवं असलेलं राहिलं तर काय जातं, ते सांगायला नको.

मेल आली नाही, म्हणजे सगळं ठीक?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (सॉफ्टवेअरचा कोड ठेवण्याची ऑनलाइन सेवा) जे घडलं, ते या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावं. त्यांनी स्वतःच ते सविस्तर जाहीर केलं होतं. रेप्लिकेशनच्या, म्हणजे मुख्य डेटाबेसची चालती प्रत दुय्यम सर्व्हरवर ठेवण्याच्या, भानगडीत अडकलेल्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले. आता बॅकअप काढू म्हटलं, तर क्लाउडवरची बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ व्हर्जनचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम चालत होता ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी एरर देऊन बंद पडत होता. एरर कळवणाऱ्या मेलसुद्धा निघत होत्या, पण त्या पडताळणीत बसत नसल्याने समोरचा मेल सर्व्हर त्या परत पाठवत होता. शेवटी तारलं ते दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीने. त्या सहा तासांतला डेटाबेसमधला बदल गेला तो गेलाच.

अपयशाची मेल आली नाही म्हणजे यश, असं धरलं की मेल सर्व्हरसुद्धा तुमच्या बॅकअप व्यवस्थेचा भाग होतो, आणि त्याच्याकडे त्या नजरेने कुणी बघत नाही. म्हणून उलटा प्रश्न विचारणारी छोटी स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर ठेवा: प्रत्येक सर्व्हरचा सर्वांत ताजा रिस्टोअर पॉइंट, म्हणजे परत आणता येईल असा बॅकअप, किती तासांपूर्वीचा आहे? रोजच्या बॅकअपला २६ तासांच्या पुढे गेलं की आरडाओरडा झाला पाहिजे. जॉब फेल झाला, शेड्यूल बंद राहिलं की कुणी मशीनच यादीतून काढली, याच्याशी त्या स्क्रिप्टला देणंघेणं नसतं. ताजा पॉइंट आहे की नाही, एवढंच ती बघते.

स्टोरेज भरलं की हातघाईवर येऊ नका

डिड्युप (एकसारखा डेटा एकदाच ठेवणारं) स्टोरेज ९५ टक्क्यांवर गेलं की माणूस काय करतो? जुने बॅकअप उडवतो. मीही उडवले आहेत. दोन महिन्यांच्या इमेज (बॅकअपच्या प्रती) एक्स्पायर केल्या, आकडा हलला नाही. आणखी एक महिना उडवला, तरी हलला नाही. तिसऱ्यांदा हात माउसकडे जात होता तेव्हा एका सीनिअरने थांबवलं, नाहीतर त्या दिवशी कामाचे बॅकअपही गेले असते.

डिड्युपमध्ये डेटाचे तुकडे पाडून प्रत्येक वेगळा तुकडा एकदाच ठेवलेला असतो आणि शेकडो बॅकअप त्याच तुकड्याकडे बोट दाखवत असतात. तुम्ही बॅकअप उडवता तेव्हा फक्त एक बोट खाली येतं. तुकड्याकडे एकही बोट उरलं नाही तर तो कचरा ठरतो, आणि तो कचरा सफाईची प्रक्रिया चालेपर्यंत जागचा हलत नाही. डेटा डोमेन या डिड्युप स्टोरेजवर हे क्लीनिंग मुळात आठवड्यातून एकदाच लावलेलं असतं. सफाईला स्वतःलाही थोडी मोकळी जागा लागते. म्हणजे १०० टक्के भरेपर्यंत थांबलात, तर केर काढायला केरसुणी फिरवायलाही जागा नाही अशी गत होते. अलर्ट ७५-८० टक्क्यांवरच लावा.

भरलंच, तर आधी त्या स्टोरेजवर जाणारे नवे जॉब थांबवा किंवा दुसरीकडे वळवा. मग जुनं का सुटत नाही ते शोधा. बहुतेक वेळा दुसऱ्या साइटवर जायची कॉपी तुंबलेली असते आणि ती पूर्ण होईपर्यंत मूळ इमेज धरून ठेवलेली असते. किंवा मागचा फुल फेल झालेला असतो आणि त्याच्या आधीची अख्खी साखळी (एक फुल आणि त्यावर आधारलेले इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदल घेणारे बॅकअप) अडकून बसते. कारण कळल्यावर सॉफ्टवेअरमधूनच एक्स्पायर करा, सफाई चालवा आणि ती संपेपर्यंत आकड्याकडे बघू नका. फाइल एक्स्प्लोररमधून किंवा कमांड लाइनवरून बॅकअपच्या फाइल परस्पर उडवू नका. कॅटलॉगला, म्हणजे कोणता बॅकअप कुठे आहे त्या नोंदवहीला, वाटतं फाइल आहे, डिस्कवर ती नाही, आणि ही बेरीज पुढे कित्येक महिने जुळत नाही.

रिटेन्शनच्या, म्हणजे बॅकअप किती दिवस ठेवायचा याच्या, हिशेबातही गफलत होते. महिन्याला एक फुल, मध्ये रोज इन्क्रिमेंटल आणि रिटेन्शन ३० दिवस, म्हणून ३० दिवसांची जागा धरली, असं होतं. पण साखळीतला शेवटचा इन्क्रिमेंटल जुना होईपर्यंत तिचा फुल उडवता येत नाही. प्रत्यक्षात जवळजवळ ६० दिवसांचा माल डिस्कवर पडून राहतो. आठवड्याला फुल केलं तर हा फुगवटा सात-आठ दिवसांवर येतो.

आणि डिड्युपचं प्रमाण एका रात्रीत कोसळलं, तर विक्रेत्याला फोन करण्याआधी मूळ डेटाचं काय झालं ते विचारा. डेटाबेसवाल्यांनी एन्क्रिप्शन सुरू केलं असेल किंवा त्यांच्या बाजूने कॉम्प्रेस केलेल्या फाइल येत असतील, तर डिड्युपला एकसारखं काही सापडतच नाही. असं कुणीच काही केलेलं नसेल, तर सावध व्हा. रॅन्समवेअर फाइली एन्क्रिप्ट करायला लागला की बॅकअप सर्व्हरवर चित्र असंच दिसतं: बदललेला डेटा अचानक वाढलेला आणि डिड्युप घसरलेलं.

हळू चालतंय? आधी भागाकार करा

एक गिगाबिटच्या लाइनवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास डेटा जातो. १० टीबीला त्या हिशेबाने २५ तास लागतात. रात्रीची आठ तासांची विंडो (बॅकअपला दिलेली वेळ) ठेवून ‘विंडो संपली’ असा नेटबॅकअपचा स्टेटस १९६ रोज बघायचा आणि सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडायची, याला अर्थ नाही. भागाकार जुळत असूनही वेग नसेल, तर सगळे जॉब रात्री दहाच्याच ठोक्याला सुटत नाहीत ना आणि अँटीव्हायरस बॅकअपचं फोल्डर चाळत बसत नाही ना, ते बघा.

टेपचं उलट असतं, तिला हळू डेटा दिलेला चालत नाही. एलटीओ प्रकारातल्या नवव्या पिढीची (एलटीओ-९) टेप १८ टीबीची आणि ड्राइव्हचा वेग सेकंदाला ४०० एमबी. डेटा फारच कमी पडला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. टेप आणि हेड दोन्ही झिजतात. आधी डिस्कवर घ्या, तिथून एकदम टेपवर सोडा. आणि एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-६ ची टेप वाचत नाही, हे जुना ड्राइव्ह भंगारात काढण्याआधी आठवा.

व्हीएसएस, स्नॅपशॉट आणि दोन मालकांचा डेटाबेस

व्हीएसएस ही विंडोजची उघड्या फाइलींची त्या क्षणीची प्रत (शॅडो कॉपी) काढणारी सोय, आणि रायटर म्हणजे त्यासाठी आपला डेटा तयार ठेवणारा त्या त्या प्रोग्रॅमचा भाग. विंडोजवर बॅकअप ‘रायटर फेल्ड’ म्हणून अडला की लोक थेट सर्व्हर रीस्टार्ट करतात. चालतं ते, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच होतं. शॅडो कॉपी तयार होताना फाइल सिस्टिमवरचं लिखाण जास्तीत जास्त १० सेकंद रोखलं जातं. त्या वेळी डिस्क दुसऱ्याच कामात गुंतलेली असेल, तर टाइमआउट येणारच. रायटरांची यादी काढून नेमका कोणता पडलाय ते बघा, त्याचीच सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि त्याच वेळी दुसरं कुठलं बॅकअप सॉफ्टवेअर तिथे हात घालत नाही ना ते तपासा.

हे दुसरं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर तर फारच महागात पडतं. डीबीएची (डेटाबेस सांभाळणाऱ्याची) स्वतःची स्क्रिप्ट लॉगचा, म्हणजे बदलांच्या नोंदींचा, बॅकअप घेते, तुमच्या बॅकअप सॉफ्टवेअरचा एजंटही घेतो. लॉगची अर्धी साखळी त्याच्याकडे, अर्धी तुमच्याकडे, आणि रिस्टोअरच्या दिवशी दोघं एकमेकांकडे बघत बसतात. लॉग कुणी एकानेच घ्यावा.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरवर बॅकअपनंतर विसरलेला स्नॅपशॉट डेटास्टोअर (मशीनच्या डिस्कची जागा) खात राहतो. ७२ तासांपेक्षा जुना स्नॅपशॉट ठेवू नये, असं त्यांचंच सांगणं आहे. शिवाय २०१४ मध्ये त्यांच्या बदललेले ब्लॉक मोजणाऱ्या सोयीत एक दोष सापडला होता: डिस्क वाढवून १२८ जीबीच्या पुढे नेली की बदललेल्या ब्लॉकची यादी चुकीची येऊ शकत होती. जॉब हिरवा, इन्क्रिमेंटल मात्र खराब. असलं दुखणं कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही, रिस्टोअर केल्यावरच कळतं.

चोर शिरला तर तिजोरीच्या किल्ल्या कुठे आहेत?

बॅकअप सर्व्हर कंपनीच्याच डोमेनमध्ये, डोमेन अ‍ॅडमिनच्याच अकाउंटवर चालतो, हे चित्र अजूनही सर्रास दिसतं. हल्लेखोराला ते अकाउंट मिळालं की तो आधी बॅकअप पुसतो. सर्व्हरला डोमेनबाहेर ठेवा, अकाउंट वेगळी ठेवा आणि एक प्रत तरी न पुसता येणारी ठेवा. ऑब्जेक्ट लॉक (क्लाउड स्टोरेजमधल्या प्रतीला मुदतीपर्यंत लागणारं कुलूप) वापरत असाल तर गव्हर्नन्स मोडमध्ये विशेष परवानगी असलेला माणूस कुलूप उघडू शकतो, कंप्लायन्स मोडमध्ये कुणीच नाही. त्यात चुकून दहा वर्षं टाकलीत तर दहा वर्षं बिल भरा. प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवणंही तितकंच गरजेचं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचं, ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते.

बॅकअप सर्व्हरचा स्वतःचा कॅटलॉग आणि एन्क्रिप्शनची किल्लीही बाहेर हवी. रिस्टोअरची चाचणी वेगळ्या नेटवर्कवर घ्या, नाहीतर एकाच नावाच्या दोन मशीन जाग्या होतात. नेहमीची छोटी टेक्स्ट फाइल न घेता अख्खा सर्व्हर घ्या आणि घड्याळ लावा. आमच्या पहिल्या चाचणीत डेटाबेस सर्व्हर अडीच तासांत उभा राहिला. पुढचा दीड तास त्याच्या सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड शोधण्यात गेला. तो नीट पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलेला होता, आणि पासवर्ड मॅनेजर त्याच डेटाबेसवर चालत होता.